नजफगढच्या पलीकडचा परदेश

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की आमच्या बाई परदेशी स्थायिक झाल्या आहेत. ज्यांना या बातमीने उभं राहून मौन पाळावंसं वाटत असेल, त्यांनी पाळावं. ज्यांना टाळ्या वाजवायच्या असतील, त्यांनी आधी बाईंची लेखी परवानगी घ्यावी.

व्हिसा लागला नाही. विमान लागलं नाही. सरोजिनी नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरसमोर फक्त एक टेम्पो लागला. त्यात सामान चढलं आणि बाई मांडीवर देव्हारा, पायांशी प्रेशर कुकर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी माझ्या गाडीतून मागे. द्वारका गेलं, नजफगढ गेलं, हरियाणा लागलं. दुकानांच्या पाट्या विरळ झाल्या, मोहरीची शेतं सुरू झाली, आणि एका वळणावर भर रस्त्यात एक म्हैस बसलेली दिसली. चेहरा असा, की पासपोर्टवर शिक्का मारायचं काम तिच्याकडेच आहे. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. म्हैस बघत राहिली. बाई खाली उतरल्या, पदर खोचला, तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रूल दिखाइए."

म्हैस उठली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी बायको म्हणते की ती तशीही उठणारच होती, पण माझी बायको तिथे नव्हती.

हे "रूल दिखाइए" म्हणजे बाईंचं ब्रह्मास्त्र. आम्ही एकाच मंत्रालयात होतो. त्या सेक्शन ऑफिसर, मी त्यांच्या हाताखाली. दोघं मराठी, त्यामुळे काम हिंदीत आणि काम देणाऱ्यांविषयीचं मत मराठीत चालायचं. कुणीही म्हणालं, "मैडम, ये नहीं हो सकता," की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "कौन से नियम में नहीं हो सकता? रूल दिखाइए." समोरचा नियम शोधायला जायचा. बहुतेक जण परत यायचे नाहीत. एक उपसचिव तर बदली होईपर्यंत शोधत होते.

नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या हा लेख लाल शाईने तपासून परत पाठवतील.

बारीक अंगाच्या, साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज, हिवाळ्यातही हातात छत्री. "छत्री का, थंडीत?" असं विचारलं तर म्हणायच्या, "माकडं." खरं होतं. आमच्या ऑफिसच्या गच्चीवरची माकडं साहेब लोकांचे डबे पळवायची. बाईंना मात्र बाजू देऊन उभी राहायची. जुना डेझर्ट कूलर निकामी झाला तेव्हा त्याच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी माती भरली आणि पुदिना लावला. अख्खं सेक्शन तीन उन्हाळे त्याची चटणी खात होतं. बाईंचा शेतीचा अनुभव विचाराल तर एवढाच.

लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेलेले. पुण्यात एक थोरला भाऊ, बँकेतून रिटायर झालेला. त्याने बाईंच्या निवृत्तीची पूर्ण योजना आखून ठेवली होती. त्याच्या फ्लॅटची मागची खोली, तिथेच त्याच्या नातवंडांची क्रिकेटची किट, इस्त्रीचं टेबल, आणि आता बाई. "तिला एकटीला ठेवणार कुठे?" असं तो मला फोनवर म्हणायचा, जणू बाई म्हणजे एखादं जुनं कपाट.

बाईंना मात्र खिळा ठोकायचा होता.

सांगतो. आयुष्य सगळं सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, आधी वडिलांच्या, मग स्वतःच्या. सरकारी भिंतीत परवानगीशिवाय खिळा ठोकता येत नाही, अशी त्यांची समजूत होती. सरोजिनी नगरात शेजारच्यांनी भिंती पोखरून शोकेसं बसवली, बाल्कन्या बंद केल्या. बाईंचं कॅलेंडर मात्र शेवटपर्यंत खिडकीच्या गजाला दोरीने लटकत राहिलं. दुसऱ्यांना नियम दाखवायला सांगणारी ही बाई स्वतः न दाखवलेले नियमसुद्धा पाळायची. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात चहा पिताना मला म्हणाल्या, "मला अशी एक भिंत हवी आहे, जिच्यात मी कुणाला न विचारता खिळा ठोकीन. भावाच्या घरी ठोकता येईल का? येईल. पण विचारावं लागेल."

मग त्यांनी घर शोधलं. द्वारकेतले फ्लॅट पाहिले; तिथे सोसायटीचे नियम छापील होते आणि ते त्यांनी मागायच्या आतच दाखवण्यात आले. बाई उठल्या. शेवटी हरियाणातल्या त्या गावात एक घर निघालं. मालकाचे दोन्ही मुलगे कॅनडाला गेलेले, म्हातारा-म्हातारीही निघाली होती. अंगण, अंगणात कडुनिंब, म्हशीची रिकामी गव्हाण, तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. म्हणजे एक कुटुंब गाव सोडून परदेशी गेलं आणि त्यांच्या जागी बाई गावात परदेशी आल्या. पुण्याच्या भावाने फोनवर किंचाळून विचारलं, "हरियाणा? तिथे तुला भाषा येते का?" बाई म्हणाल्या, "कॅनडात गेलेल्यांना कुठे येते?"

पहिल्याच दिवशी सामान उतरायच्या आत त्यांनी पर्समधून हातोडी काढली. आतल्या खोलीच्या भिंतीवर खिळा धरला आणि ठोकला. भिंतीचा परातीएवढा पोपडा खाली आला. मागे कच्च्या विटा. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या, आणि हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "दुसरा द्या," म्हणाल्या.

आता गावाविषयी.

त्यांच्या दारासमोरच ताऊंची बैठक. बैठक म्हणजे घराची गल्लीवरची खोली आणि तिच्यापुढचा ओटा. तिथे गावातली वडीलधारी पुरुषमंडळी बाजेवर बसून हुक्का ओढतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात. ताऊ म्हणजे थोरले काका; अख्खं गाव त्यांना तसंच म्हणतं, आणि ओट्यावरचे मुख्य तेच. उंच, पांढरी मिशी, आवाज असा की कुजबुजले तरी पलीकडच्या शेतातले मोर उडावेत. या ओट्यासमोरून जाताना गावच्या सुना पदर नाकापर्यंत ओढतात आणि भिंतीच्या कडेकडेने जातात. गावच्या लेकी मात्र, म्हाताऱ्या झाल्या तरी, उघड्या तोंडाने "राम राम" घालत, खुशाल थांबून गप्पा मारत जातात. कोण सून, कोण लेक, हे गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

आणि तिथून रोज सकाळी स्पोर्ट्स शूज घालून, डोकं उघडं, छत्री हातात, बाई जाऊ लागल्या. "गुड मॉर्निंग" म्हणत.

हुक्का म्हणे पहिल्या दिवशी विझला.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. तेव्हा बाईंचं ग्रामीण जीवन रंगात आलेलं असायचं. मोर पहाटे ओरडतो म्हणून त्यांनी मोराला समज दिली होती. कूलरमधल्या यशाच्या जोरावर गव्हाणीत पुदिना लावला होता. तो शेजारच्या म्हशीने रात्रीत फस्त केला. बाईंनी म्हशीच्या मालकिणीला, म्हणजे ताऊंच्या सुनेला, बोलावून जाब विचारला. ती घुंघटातून म्हणाली, "मैडम जी, खोर मैं तै भैंस ए खावैगी." गव्हाणीत काय, म्हैसच खाणार. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मान्य." जन्मात त्यांनी मान्य केलेला हा पहिलाच मुद्दा असेल.

त्या सुनेशी त्यांची गट्टी जमली. तिच्याकडून त्या गोवऱ्या थापायला शिकल्या. त्यांच्या गोवऱ्या चौकोनी व्हायच्या, कारण चौकोनी रचायला सोप्या पडतात, असं त्यांचं म्हणणं. बायका बघायला यायच्या. पण सून रोज दूध आणून द्यायची तेव्हा मोजून पैसे घ्यायची, आणि बाई मला हळूच म्हणाल्या, "इथे घरातल्या माणसाला दूध विकत नाहीत. परक्याला विकतात." एवढंच बोलल्या आणि चहा गाळू लागल्या.

पावसाळ्याच्या शेवटी ताऊंनी मला ओट्यावर बोलावलं. गावातला रिवाज असा, की बाईमाणसाची गोष्ट बाईमाणसाशी बोलत नाहीत.

"बैठ," ताऊ म्हणाले. "न्यूं बता, तू इसका के लागै सै?"

"ऑफिस में साथ थे."

"ऑफिस कोए रिश्ता हो सै?"

बाकीच्यांनी मान हलवली. ऑफिस हे नातं नाही, यावर एकमत झालं.

"देख भाई," ताऊ म्हणाले, "मैडम भली लुगाई सै. पर म्हारी बहू कहण लागी, मैडम कोनी ढकती तो हम क्यूं ढकां? इब या तो मैडम घूँघट काढ़ै, या पाछली गली मैं बारणा खोल ले. नहीं तो मकान का सोच ले. गाहक मैं दिलवा दूंगा."

म्हणजे मॅडम झाकत नाहीत तर आम्ही का, असं सुना विचारू लागल्या होत्या; तेव्हा पदर घ्या, मागच्या गल्लीत दार काढा, नाहीतर घर विका. ताऊ वाईट माणूस नव्हते. गिऱ्हाईक बघून देण्याइतके चांगले होते. पण मला दिसली पुण्याची मागची खोली, इस्त्रीचं टेबल आणि तिथे बसलेल्या बाई, भिंतीकडे बघत, कुणाला विचारावं याचा विचार करत.

मी जाऊन सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला. छत्री घेतली. मी म्हणालो, "अहो, तुम्ही नका जाऊ, बायका तिथे—" पण त्या ओट्यावर पोचल्याही होत्या.

"ताऊजी, घूँघट किसको नहीं करना पड़ता?"

ताऊ दुसरीकडे बघत म्हणाले, "गाम की बेटी नै."

"तो मैं बेटी हूँ."

"बेटी तो जाम कै होवै सै." लेक जन्मावी लागते.

"रूल दिखाइए."

हुक्क्याची गुडगुड थांबली. नियम दाखवणार कुठून? ओट्यावरची सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी ताऊ सावकाश म्हणाले, "बेटी वा, जिसका गाम मैं भाई हो." लेक ती, जिचा गावात भाऊ असतो.

"बस?" बाई म्हणाल्या. "इतना ही?" आणि घरी आल्या.

मला वाटलं, हरल्या. मी पुण्याला फोन करायचा विचारही केला. बाई मला म्हणाल्या, "भाऊबीजेला बायकोला घेऊन या. आणि येताना करोल बागेतून चांगलं कुंकू आणा, इथलं फार केशरी असतं."

भाऊबीजेच्या सकाळी बाई नऊवारी नेसल्या होत्या. त्याखाली स्पोर्ट्स शूज. हातात ताम्हण: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. माझी बायको मागून लाडवांचा डबा घेऊन, मी त्याहून मागे, पळायला सोपं जावं म्हणून. भाऊबीजेला टिळा लावायची पद्धत तिकडेही आहे, पण बहीण भावाच्या घरी जाते आणि घरात लावते. भर ओट्यावर, हुक्क्याभोवती बसलेल्या अख्ख्या पंचमंडळाला ओवाळायला निघालेली बाई त्या गावाने पाहिली नव्हती.

"सीनियर-मोस्ट कौन है?" बाईंनी विचारलं.

घोळ झाला. मंत्रालयात हा प्रश्न सोपा असतो; इथे दोन म्हातारे भांडायला उठले. एक म्हणतो मी मोठा, दुसरा म्हणतो तुझ्या जन्माच्या वेळी मी बैल हाकत होतो. तेवढ्यात बाईंनी ताऊंच्या कपाळावर कुंकू टेकवलंसुद्धा. अक्षता लावल्या. सुपारी आणि अंगठी डोक्याभोवती फिरवली, निरांजन फिरवलं. ताऊ पुतळ्यासारखे बसून. पुढच्या म्हाताऱ्याला सुपारी ओवाळली, तर त्याला वाटलं खायला दिली. उचलून तोंडात टाकली आणि कडाकडा चावली. बायको माझ्या कानात म्हणाली, "आता अंगठी सांभाळा." बाईंनी न थांबता उरलेल्यांना नुसत्या अंगठीने ओवाळलं.

कुणी ओवाळून घ्यायला नकार दिला नाही. कसा देणार? कपाळावर बहिणीचं कुंकू आल्यावर "उठ इथून" म्हणायचा रिवाज हरियाणातही नाही, हे बाईंनी महिनाभर सुनेकडून नीट विचारून घेतलं होतं.

लाडू खाऊन मंडळी पांगली. ताऊ बसून राहिले. त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं, पण कपाळ सोडून. सून नंतर बायकोला म्हणाली, ताऊंची एकुलती बहीण लग्नानंतर लवकर गेली होती. या दिवशी ते एरवी शेतावर निघून जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. बाईंनी पैसे पुढे केले. सून घुंघटातून म्हणाली, "ना बुआ जी. ताऊ जी मारैंगे." बुआ म्हणजे आत्या. एवढं म्हणून ती पळाली. बाईंचा मला ऑफिसात फोन आला. "आज दुधाचे पैसे घेतले नाहीत," एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो, पण बाई घसरल्या. धुक्याच्या सकाळी, अंगणात, स्वतःच्याच गोवऱ्यांसाठी आणलेल्या शेणावरून. पायाचं हाड चिरलं, प्लास्टर बसलं. माझ्या बायकोने काळजीपोटी पुण्याला कळवलं, आणि दोन दिवसांत भाऊ विमानाने हजर. खिशात बाईंचंही परतीचं तिकीट. मी त्यांना विमानतळावरून थेट गावात नेलं. वाटेत ते एकच वाक्य निरनिराळ्या चालींत म्हणत होते: "आता ऐकायचं नाही तिचं. आता मी नेतोच."

गावात गाडी थांबली तेव्हा ओट्यावर ताऊ होते. त्यांनी पाहिलं: मोठी गाडी, इस्त्रीचे कपडे, पुरुष माणूस, बुआच्या दाराशी. उठून आले. हात जोडले.

"राम राम जी. छोरी नै लेण आए हो?"

"हां," भाऊ आनंदाने म्हणाले. "लेने आया हूँ."

मी डोळे मिटले. कारण एव्हाना मला एवढं कळत होतं, की गावच्या लेकीला "न्यायला" येतात ती सासरची माणसं. आणि सासरच्या माणसांचं काय करायचं, याचे नियम मात्र तिथे सगळ्यांना पाठ असतात.

बाजेवर नवीकोरी चादर आली. सायीचं दूध आलं, त्यात तूप. हलवा आला. भाऊ "मुझे शुगर है" म्हणत राहिले आणि ताऊ त्यांचा पेला भरत राहिले. आजूबाजूच्या घरांतून बायका गच्चीवर जमल्या. बाई दारात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर.

"चल," भाऊ त्यांना म्हणाले. "बॅग भर. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे."

"मी येणार नाही, दादा."

"पाय बघ तुझा! उद्या रात्री काही झालं तर?"

"काल झालं होतं. ताप आला होता. ताऊंची सून इथेच झोपली."

"लोकांच्या सुनांवर किती दिवस काढशील?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ताऊ मध्ये आले. भाषा कळली नव्हती. चेहरे कळले होते. हात जोडूनच, अगदी नम्रपणे, व्याह्याशी बोलावं तसे म्हणाले, "देखो जी, इस बार कोनी भेजां. जाड्डा सै, पाँ टूट रह्या सै. होळी पाछै आइयो, तब देखांगे." म्हणजे थंडी आहे, पाय मोडलाय, या खेपेला पाठवत नाही; होळीनंतर या, मग बघू.

"अहो, देखांगे काय!" भाऊ भडकले. दूध, तूप, हलवा, सगळं एकदम डोक्यात गेलं असावं. "आप कौन होते हैं भेजने वाले? इसका यहाँ है कौन? मैं इसका भाई हूँ! भाई!"

गच्चीवरच्या बायका कठड्यावरून वाकल्या. ताऊंनी जोडलेले हात सोडले, कमरेवर ठेवले, आणि मोर उडतील अशा त्या आवाजात म्हणाले,

"भाई तो हाम सां! तू कौण सै?"